तात्या पिंजऱ्यात

आमच्या वाईत घूस पकडणं हे काही मोठं काम समजलं जात नसे. पकडलेली घूस कुणाच्या दारात नेऊन सोडायची, हा खरा प्रश्न असायचा. जुन्या घराच्या पायात, मोरीखाली, धान्याच्या पोत्यांमागे त्यांची बिळं असत. रात्री तारेच्या पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा, मध्यरात्री 'खाट्' झालं की कूस बदलून झोपायचं. मग पहाटे तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पिंजऱ्यावर गोणपाट टाकून तो सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि कृष्णेच्या पुलावरून पलीकडे जायचं. मारायची नाही. गणपतीच्या वाहनाची ती नातलग, त्यात गाव ढोल्या गणपतीचं. पुलावर कधी पलीकडून दुसरी सायकल येई. तिच्याही कॅरिअरला गोणपाटाखाली चौकोनी काहीतरी असे. दोघे एकमेकांना "काय, सकाळी सकाळी?" असं विचारत आणि उत्तराला न थांबता पॅडल मारत.

पुढे मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. तिथेही बिळांनी पाठ सोडली नाही. कालव्याच्या भरावात कुणी बीळ केलं की पाणी आधी पाझरतं, मग वाट काढतं. २०१८ साली पुण्यात मुठेचा कालवा फुटला, तेव्हा खुद्द मंत्र्यांनी उंदीर आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. सगळे हसले, मी हसलो नाही. उंदरांना मी ओळखून आहे.

एवढ्या अनुभवाच्या बळावर मी मॅसॅच्युसेट्स राज्यात गेलो. गेलो मुलाकडेच, सहा महिन्यांसाठी. अनुभव सामानात होता.

निखिलचं घर बॉस्टनच्या पश्चिमेला तासाभरावर. मागे हिरवळ, हिरवळीच्या टोकाला अवजारांची लाकडी शेड, तिच्यामागे झाडी. मेच्या मध्यापर्यंत तिथे रात्रीचं हिव पडू शकतं. म्हणून हिने घेवड्याची आणि कारल्याची रोपं तळघरातल्या खिडकीशी दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाढवली, आणि हिवाची भीती सरल्यावर वाफे करून मेथी-कोथिंबीर पेरली. जूनमध्ये मेथी चार बोटं वर आली. हिने शनिवारी मेथीची भाजी आणि भाकरी जाहीर केली. शुक्रवारी सकाळी मी वाफ्यावर गेलो तर मेथी नाही. उपटलेली नाही, तुडवलेली नाही. न्हाव्याने मशीन फिरवावं तशी साफ. घेवड्याचे नुसते दांडे उभे होते. कारल्याला तेवढं तोंड लावलेलं नव्हतं.

चोर पळालाही नव्हता. शेडपाशी मागच्या दोन पायांवर बसून, पोट पुढे सोडून, दोन्ही हातांत काहीतरी धरून सावकाश चघळत होता. रंग ओल्या गोणपाटाचा, घेर लोडाचा, वजन सहज चार-पाच किलो.

"घूस!" मी ओरडलो.

"नो आजोबा, ग्राउंडहॉग," ईरा म्हणाली. ती सात वर्षांची आहे आणि तिला सगळं माहीत असतं. मग जरा निरखून ती म्हणाली, "सेम तात्याआजोबा!"

जेवण झाल्यावर ओट्यावर बसून बडीशेप चघळणारे तात्या तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलेले. मला रागावायचं होतं, पण साम्य नाकारता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून तो तात्या झाला. वाईचे तात्या 'ते', शेडखालचा तात्या 'तो'. व्याकरणाने घराची अब्रू राखली. ईराचं व्याकरण मात्र इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे तिच्या तोंडी दोघेही 'ते'. नाव पडलं तिथेच खरं तर आम्ही निम्मी लढाई हरलो होतो. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना हे कळेल.

घूस म्हणण्यात माझं फार काही चुकलं नव्हतं, एवढं मी नंतर शोधून काढलं. ग्राउंडहॉग म्हणजे जमिनीतलं डुक्कर. घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर. दोन खंडांतल्या माणसांनी बिळातल्या जाड्या प्राण्याकडे बघितलं आणि दोघांनाही डुक्करच आठवलं. ग्राउंडहॉगचं दुसरं नाव वुडचक. त्यात लाकूडही नाही आणि फेकणंही नाही. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द गोऱ्यांनी आपल्या जिभेला सोयीचा करून घेतला, आपल्याकडे खडकीचं 'किरकी' केलं तसा. त्या नावावर आपल्या कच्चा पापड-पक्का पापडसारखं एक जीभ वळवणारं वाक्य आहे, ते ईराने मला चाळीस वेळा म्हणायला लावलं. प्रत्यक्षात हा प्राणी खारीच्या कुळातला. त्याचा एक चुलतभाऊ लडाखमध्ये राहतो. त्याला बिस्किटं चारू नका असं कितीही सांगितलं तरी आपली मंडळी चारतात आणि फोटो काढून घेतात. खारीचा वाटा केवढा असू शकतो, हे मला सत्तरीत कळलं.

आधी बिळाची पाहणी केली. शेडच्या कडेला फूटभर रुंदीचं तोंड, पुढे ताज्या मातीचा ढीग. मी खात्याच्या सवयीने ढीग पावलांनी मोजला. १९८८ साली न्यूयॉर्क राज्याच्या वन्यजीव खात्यातल्या एका माणसाने असंच गणित केलं होतं म्हणे: एक बीळ खणताना हा प्राणी सुमारे पस्तीस घनफूट माती बाहेर काढतो. म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. टेंडर नाही, मस्टर नाही, मुदतवाढ नाही. मी त्या तोंडाशी फावडं घेऊन अर्धा तास बसलो. निखिलने मग खिडकीतून सांगितलं, "बाबा, मागे बघा." वीस फुटांवर गवतात दुसरं भोक होतं. त्याच्यापुढे मातीचा कण नाही, कारण ते आतून खणलेलं असतं. त्यातून डोकं बाहेर काढून तात्या माझ्याकडे बघत होता. किती वेळापासून, ते निखिलने मला सांगितलं नाही.

आत झोपायची खोली वेगळी आणि संडास वेगळा, असंही वाचलं. वाईला आमच्या घरात संडास आत यायला माझं कॉलेज संपावं लागलं.

मग उपाय. दुकानात कोल्ह्याचं मूत्र बाटलीत भरून विकायला होतं. ते वाफ्याभोवती शिंपडलं की कोल्हा आला असं वाटून हे प्राणी पळतात, असं बाटलीवर लिहिलेलं. आपल्याकडे गोमूत्राचा अर्क मिळतो, त्यामुळे मला बाटलीचं काही वाटलं नाही. पण ते गोळा कसं करत असतील, या विचाराने मी दोन रात्री झोपलो नाही. गाय गरीब असते. कोल्ह्याखाली भांडं घेऊन कोण बसत असेल? बाटली न घेताच परतलो आणि घरचा उपाय काढला: कांदा-लसूण मसाला. दोन मुठी वाफ्याच्या कडेने पसरला. तात्या आला, शिंकल्यासारखं काहीतरी केलं, परत गेला. मी विजयाने घरात आलो. रात्री पाऊस पडला, सकाळी घेवड्याचे दांडेही गेले. त्याहून वाईट म्हणजे तेवीस किलोच्या बॅगेत ग्रॅम-ग्रॅम मोजून आणलेला मसाला मी मातीत घातला, हे हिला कळलं. चार दिवस ती तात्याशी जास्त प्रेमाने वागत होती.

संध्याकाळी मी वाईला फोन लावला. तिथे पहाट, पण तात्या उठलेले होते.

"पिंजरा लाव की," ते म्हणाले. "आणि नदीपलीकडे नेऊन सोड."

"इथे नदी नाही, तात्या."

"नदी नाही?" ते जरा वेळ गप्प राहिले. "मग गाव वसवलं कशाला तिथे?"

पिंजरा आणला. दोन-अडीच फूट लांब, तारेचा, एका टोकाला पडतं दार, आत पाय पडला की खटका सुटणारी पट्टी. आपल्याच पिंजऱ्याचा शिकलेला भाऊ. पाय धरणारे चाप वगैरे प्रकार तिथे चालत नाहीत. १९९६ साली राज्यातल्या लोकांनी मतदान करून ते बंद केले. लोकशाहीत पिंजऱ्यावर मतदान होतं हे ऐकून मी भारावलो. आमिष म्हणून खरबूज चांगलं, असं दुकानातल्या म्हाताऱ्याने सांगितलं. पिंजऱ्याला माणसाचा वास लागू नये म्हणून हातमोजे घाला, असंही. हिला हे पटेना. "घरातल्यांना डब्यातला आंब्याचा गर आणि त्याला खरबूज?" तरी चांगल्या दोन फोडी दिल्या. मी अनुभवी माणूस. रात्री साडेनऊला, सगळीकडे निजानीज झाल्यावर, पिंजरा बिळाच्या तोंडाशी लावला आणि झोपलो.

'खाट्' झालं. मी कूस बदलली.

इथे माझ्या अनुभवाने दगा दिला. घूस रात्री फिरते. ग्राउंडहॉग दिवसा फिरतो आणि रात्री सज्जनासारखा घरी झोपतो. रात्री फिरणारं तिथे दुसरंच काहीतरी असतं. पहाटे मी चहाचा कप घेऊन गेलो, तर पिंजऱ्यात काळंभोर, झुपकेदार शेपटीचं, पाठीवर दोन पांढरे पट्टे असलेलं अतिशय देखणं जनावर. मी कौतुकाने वाकलो. त्याने पुढचे पाय जमिनीवर दोनदा आपटले. मला वाटलं, खेळतंय.

"बाबा," वरच्या खिडकीतून निखिल इतक्या हळू आवाजात बोलला, की इतक्या हळू तो दहावीचा निकाल सांगतानाही बोलला नव्हता. "बाबा, हलू नका. स्कंक आहे."

स्कंक म्हणजे शेपटीखालून फवारा मारणारा प्राणी. त्याचा वास कपड्यांना, अंगाला, भिंतीला लागला की आठवडेच्या आठवडे जात नाही. पाय आपटणं ही त्याची शेवटची नोटीस असते. पिंजऱ्यात सापडला तर मोठं कापड समोर धरून, हळूहळू जवळ जाऊन पिंजरा झाकायचा, म्हणजे अंधारात तो शांत होतो, हे निखिलने फोनवर वाचून दाखवलं. हाताशी कापड एकच होतं, दोरीवर वाळत घातलेली सोलापुरी चादर. एक टोक मी धरलं, दुसरं निखिलने. पलीकडे स्कंक, अलीकडे आम्ही, मध्ये चादर. एकेक पाऊल. सून ऋजुता आणि ही दोघी काचेच्या दाराआड उभ्या. नवरदेवाच्या बाजूची मंडळी इतकी गंभीर मी कुठल्याच लग्नात पाहिली नाही. मंगलाष्टकं म्हणायची तेवढी राहिली होती. चादर पिंजऱ्यावर टाकली, दाराच्या बाजूची कड वर सारली, दार उचललं. पाच मिनिटं काही नाही. मग ते देखणं जनावर बाहेर आलं, चार पावलं चाललं, वळून बघितलं आणि शेपटी उचलली.

अंतरपाट धरणाऱ्यांवर अक्षता पडायच्याच.

तिथे यावर ठरलेला उतारा आहे: हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा भांडी घासायचा साबण, ताजं कालवून लगेच वापरायचं. टोमॅटोच्या रसाने वास जातो म्हणतात ते खोटं. नाक सवयीने हार मानतं एवढंच. आम्हा बापलेकांना अंगणात बादल्या ओतून धुतलं. चादरीचा वास गेला आणि रंगही गेला. ती अजून तळघरात आहे. तिला कुणी पांघरत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

पिंजरा आता सकाळी लावायचा आणि संध्याकाळी बंद करायचा, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, तात्या पिंजऱ्यात सापडला. पकडला गेल्याचं त्याला काही विशेष वाटलेलं नव्हतं. खरबुजाची दुसरी फोड चालू होती.

मी गोणपाट शोधू लागलो. "चल, गाडी काढ," निखिलला म्हटलं. "तीन मैलांवर ते जंगल आहे ना, तिथे सोडून येऊ."

"नाही चालत, बाबा."

"का?"

"कायदा आहे."

कायदा असा: पकडलेला वन्य प्राणी आपल्या आवारातून दुसरीकडे नेऊन सोडायचा नाही. त्याच आवारात सोडायचा, नाहीतर मारायचा. मधला, वाईचा, सायकलचा मार्ग त्या राज्याने बंद केलेला आहे. कारणं छापील होती: त्याच्याबरोबर रोग जातात, रेबीज जातो, नव्या जागी त्याला बीळ नाही, तिथला कुणी आधीच ठाण मांडून बसलेला असतो, तो याला मारतो किंवा हा उपाशी मरतो, आणि नाहीच मेला तर तिथल्या माणसाच्या वाफ्यात शिरतो. या शेवटच्या कलमाशी मी थांबलो. मला तो कृष्णेचा पूल दिसला, आणि समोरून येणारी सायकल. साठ वर्षं आम्ही नदीच्या दोन्ही काठांवर घुशींची अदलाबदल करत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपली गेली.

तरी मी हटलो नाही. "रात्री नेऊ. कोण बघतंय?"

"आणि पोलिसाने गाडी थांबवली तर? डिकीत काय आहे म्हणाला तर काय सांगू? तात्यांना फिरायला नेतोय?"

मग परवानाधारक माणसाला फोन केला. तिथे असे अडचणीचे प्राणी काढणारे लोक असतात, परीक्षा देऊन परवाना घेतात. त्याने अत्यंत सभ्यपणे सांगितलं की तोही दुसरीकडे नेऊ शकत नाही. तो नेईल त्याचा अर्थ एकच. त्याची फी ऐकून हिने कानातल्या कुड्यांना हात लावला. तेवढ्यात ईरा पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजोबा, यू नो, मॅसॅच्युसेट्सचा ऑफिशिअल ग्राउंडहॉग असतो." हे खरं निघालं. लिंकन गावातल्या ड्रमलिन फार्मवरच्या मिस जी नावाच्या ग्राउंडहॉगला २०१४ साली राज्याने रीतसर मान दिला, तोही शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा केल्यावर. दोन फेब्रुवारीला ती बाहेर येऊन आपली सावली दिसते का बघायची, आणि हिवाळा आणखी सहा आठवडे राहणार की नाही ते लोक त्यावरून ठरवायचे. पेनसिल्व्हेनियातला तिचा प्रसिद्ध भाईबंद हे काम १८८७ पासून करतो. त्याचं भाकीत निम्म्याहून कमी वेळा खरं ठरतं, तरी नोकरी शाबूत आहे. थोडक्यात, आमच्या पिंजऱ्यात बसलेला प्राणी सरकारी नोकराच्या नात्यातला होता. सदतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने त्याला हात लावायचा नसतो.

मी दार उघडलं. तात्याने आधी खरबूज संपवलं. मग तो बाहेर आला, माझ्या चपलेजवळून, अजिबात घाई न करता, बिळात गेला.

त्या रविवारी निखिलने आम्हाला कॉन्कॉर्डला वॉल्डन तळ्यावर नेलं. मला तिथे जायचंच होतं. गांधीजींनी ज्या थोरोचा कायदेभंगावरचा निबंध वाचला, तो थोरो इथे १८४५ साली झोपडी बांधून दोन वर्षं एकटा राहिला. झोपडीची प्रतिकृती बघितली, मूळ जागेवरचे दगड बघितले, मी हात जोडले. निखिल मात्र फोनवर त्याच्या पुस्तकात काहीतरी शोधत होता. थोरोने घेवड्याची शेती केली होती, अडीच एकर. आणि पाव एकर घेवडा ग्राउंडहॉगने साफ केला होता.

"मग? त्याने काय केलं?" हिने विचारलं.

"एक मारला आणि खाल्ला. चव बरी लागली म्हणतो, पण कस्तुरीसारखा वास होता. दुसरीकडे लिहिलंय की एकदा रानात दिसला, तेव्हा धरून कच्चाच खावासा वाटला."

मी जोडलेले हात खाली घेतले. गांधीजींनी हे वाचलं होतं की नाही, माहीत नाही. ही मात्र झोपडीच्या आत बघत, एक खाट, एक टेबल, तीन खुर्च्या मोजत, म्हणाली, "घेवड्याशिवाय घरात काही नसेल हो बिचाऱ्याच्या."

पुढचं थोडक्यात. आम्ही जाळी लावली. तळाची बाजू फूटभर जमिनीत पुरली, वरची बाजू मुद्दाम सैल सोडून बाहेर वाकवली, कारण हा प्राणी चढतो, पण हलणाऱ्या जाळीवर त्याला धीर होत नाही. खोदाई मी केली. लांबी-रुंदी-खोली वहीत लिहून ठेवली. जाळीच्या आत आमचा वाफा आणि बाहेर त्याच्यासाठी हिने पेरलेला दुसरा वाफा, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. "मेथीचं बी उरलं होतं," ती म्हणाली.

ऑक्टोबरात तात्या इतका गोल झाला की शेडच्या भोकातून आत जाताना थांबून श्वास सोडायचा. मग एके दिवशी दिसेनासा झाला. आता तो मार्चपर्यंत झोपणार. झोपेत त्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला ऐंशीवरून पाच-दहावर येतात, अंग थंडगार पडतं, आणि चार महिने त्याला कुणाच्या स्वयंपाकाची वाट बघावी लागत नाही. आमचा व्हिसाही संपत आला होता.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा वजनकाट्यावर होत्या. वाईला संध्याकाळ, निखिलने व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत टेकवून ठेवला होता. ओट्यावर बसून, पोट पुढे सोडून, तात्या बडीशेप चघळत आमची गडबड बघत होते. ईरा अंगणात धावली, बिळाच्या तोंडाशी वाकली आणि मोठ्याने ओरडली, "बाय तात्या! नीट झोपा! खूप जाड झालाय तुम्ही!"

"हो गं बाळा," खिडकीतून आवाज आला. "डॉक्टरही तेच म्हणतात."